ट्रॅम्पचं घोडं कुठे पेंड खातं: ईमॅक्समधून सर्व्हरवरची फाइल उघडत नाही तेव्हा

ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरला सर्व्हरवरची फाइल उघडायला सांगितली (हे काम त्याच्यातला ट्रॅम्प हा भाग करतो), खालच्या ओळीत ‘ट्रॅम्प: वेटिंग फॉर प्रॉम्प्ट्स फ्रॉम रिमोट शेल’ असं उमटलं आणि पुढे काहीच नाही. ईमॅक्स गोठलेला. दुसऱ्या बफरमध्ये (उघड्या मजकुरात) जाता येत नाही, मेन्यू उघडत नाही. मग माणूस ट्रॅम्पवर चिडतो, पॅकेज अद्ययावत करतो, कुठून तरी उचललेल्या चार ओळी इनिट फाइलमध्ये (ईमॅक्सच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) चिकटवतो. त्यातली एखादी योगायोगाने लागू पडते आणि ती कशासाठी होती हे न कळताच पुढची कित्येक वर्षं तिथे पडून राहते.

माझं सरळ मत असं की एडिटरवर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा. आधी एसएसएच (दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरायचा प्रोग्रॅम), मग सर्व्हरवरच्या शेलच्या (टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सुरुवातीच्या फायली, मग फायलींचे हक्क आणि डिस्क, आणि त्यानंतर ईमॅक्स. या क्रमाने गेलं की बहुतेक वेळा दुसऱ्याच टप्प्यावर चोर सापडतो. म्हणूनच या लेखात शेलचा भाग मोठा आहे.

एक सूचना. आज्ञा, चलांची (व्हेरिएबलची) नावं आणि चुकांचे संदेश इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना ते अर्थातच रोमन अक्षरांत करायचे. कॅपिटल अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. उदाहरणातल्या सर्व्हरचं नाव ‘कोठी’.

ट्रॅम्प आत काय करतो

हे समजल्याशिवाय पुढचं सगळं मंत्रतंत्र वाटेल. ट्रॅम्पचं काम १९९८ च्या नोव्हेंबरअखेरीस सुरू झालं. सुरुवातीला त्याचं नाव आरएसएसएच होतं, नंतर आरसीपी झालं, मग ट्रॅम्प. २००७ मधल्या ईमॅक्स २२.१ पासून तो ईमॅक्ससोबतच येतो. मूळ युक्ती मात्र तीच राहिली: सर्व्हरवर वेगळं काही बसवायचं नाही. ट्रॅम्प तुमच्यासारखाच एसएसएचने लॉगिन करतो, प्रॉम्प्ट, म्हणजे ‘आज्ञा द्या’ अशी खूण, दिसायची वाट बघतो, तो दिसला की तिथे साधा ‘/बिन/एसएच’ सुरू करतो आणि त्याला एकेक आज्ञा देत जातो. ही फाइल आहे का? हिचे हक्क काय? मजकूर बेस६४ मध्ये (साध्या अक्षरांच्या सांकेतिक रूपात) गुंडाळून पाठव. आलेलं उलगडून बफरमध्ये ठेवतो.

म्हणजे सर्व्हरवरच्या शेलला वाटतं की समोर माणूस बसला आहे. माणसासाठी सजवलेला प्रॉम्प्ट, स्वागताचा मजकूर, शेल सजवणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमचा ‘ओह-माय-झेडएसएच अद्ययावत करू का?’ असा प्रश्न, हे सगळं ट्रॅम्पच्या ताटात येऊन पडतं. त्याला हवं असतं एकच: ओळीच्या शेवटी #, $, % किंवा > यांपैकी एक चिन्ह आणि त्यानंतर शांतता.

आधी ईमॅक्स मोकळा करा

कंट्रोल-जी दोन-तीन वेळा दाबा. हालचाल परत आली की ऑल्ट-एक्स आणि ‘ट्रॅम्प-क्लीनअप-ऑल-कनेक्शन्स’. ही आज्ञा पुढच्या प्रत्येक प्रयोगानंतर द्यायची आहे, आणि लोक नेमकी हीच गाळतात. अर्धवट जोडणी मागे जिवंत असेल तर ट्रॅम्प तीच पुन्हा वापरतो. तुम्ही सर्व्हरवर दुरुस्ती केलेली असते, पण चाचणी जुन्याच जोडणीची होते, आणि ‘यानेही फरक पडला नाही’ असा खोटा निष्कर्ष निघतो.

सर्व्हरवर कोणते प्रोग्रॅम कुठे आहेत याची टिपणं ट्रॅम्प तुमच्या संगणकावरच्या ईमॅक्सच्या फोल्डरमध्ये ‘ट्रॅम्प’ नावाच्या एका फाइलमध्ये साठवतो. सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने बसवली असेल किंवा त्याच नावाचं दुसरंच यंत्र उभं केलं असेल तर ही टिपणं शिळी होतात. ईमॅक्स बंद करून ती फाइल खुशाल उडवा. ती परत तयार होते.

एसएसएच एकटं चालतं का?

टर्मिनल उघडा आणि ईमॅक्सला पूर्ण बाजूला ठेवा:

`एसएसएच -व्ही कोठी`

इथेच अडलं तर ट्रॅम्पचा संबंध नाही. संदेशांमध्ये फरक असतो, तो नीट वाचावा. ‘कुड नॉट रिझॉल्व्ह होस्टनेम’ म्हणजे नावच कळलेलं नाही. व्हीपीएन बंद असणं हे याचं नेहमीचं कारण. ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणजे पलीकडून कोणी उत्तरच दिलं नाही, बहुधा फायरवॉल. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे यंत्रापर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर एसएसएच ऐकत नाही. मग पोर्ट २२ आहे की दुसरा, ते बघा.

‘पर्मिशन डिनाइड (पब्लिककी)’ हा संदेश मात्र तुम्हाला फारसं सांगत नाही, कारण खरं कारण सर्व्हरच्या नोंदवहीत असतं. सर्व्हरवर दुसऱ्या मार्गाने जाता येत असेल तर डेबियन-उबुंटूवर ‘/व्हार/लॉग/ऑथ.लॉग’ आणि रेड हॅटच्या घराण्यात ‘/व्हार/लॉग/सिक्युअर’ बघा. या फायली नसतील तर ‘जर्नलसीटीएल’. ‘बॅड ओनरशिप ऑर मोड्स’ असं दिसलं तर फोल्डरचे हक्क सैल आहेत. ‘.एसएसएच’ फोल्डर ७०० (सगळे हक्क फक्त मालकाला), आतली ‘ऑथोराइज्ड_कीज’ ६००, आणि होम फोल्डरमध्ये गटाला किंवा इतरांना लिहिण्याचा हक्क नको. होमला कोणीतरी घाईत ७७७ (सगळ्यांना सगळं खुलं) केलेलं असतं, आणि किल्ली बरोबर असूनही दार उघडत नाही.

‘टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स’ आलं तर एजंटमध्ये, म्हणजे किल्ल्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, खूप किल्ल्या आहेत. एसएसएच त्या एकेक करून दाखवतो, आणि सर्व्हरची मूळ मर्यादा ६ प्रयत्नांची असते. एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये कोठीच्या खाली ‘आयडेंटिटीफाइल’ने किल्ली नेमून द्या आणि ‘आयडेंटिटीजओन्ली येस’ लिहा.

सर्व्हर जुना आणि तुमचा संगणक नवा असेल तर आणखी एक खोडी होते. २०२१ मधल्या ओपनएसएसएच ८.८ पासून शा-१ वर आधारलेल्या आरएसए सह्या मूळ सेटिंगमध्ये बंद आहेत. -व्हीच्या भेंडोळ्यात ‘नो म्युच्युअल सिग्नेचर’ अशी ओळ दिसली की हेच आहे. शक्य असेल तर नवी ईडी२५५१९ किल्ली तयार करा. सर्व्हर तिलाही ओळखत नसेल इतका जुना असेल, तरच त्या एका यंत्रापुरती जुनी पद्धत कॉन्फिगमध्ये चालू करावी. सरसकट सगळ्यांसाठी नको.

कॉन्फिग फाइल मोठी झाली असेल आणि नक्की कोणता नियम लागू होतो ते कळत नसेल तर `एसएसएच -जी कोठी` द्या. इथे जी कॅपिटल. जोडणी न करता सगळ्या नियमांचा अंतिम हिशेब छापून येतो. वापरकर्ता, पोर्ट, किल्ली, मधला सर्व्हर, सगळं.

टर्मिनलमध्ये चालतं, ईमॅक्समध्ये नाही

आता गंमत सुरू होते. एकाच संगणकावरून, त्याच किल्लीने टर्मिनलमधून आत जाता येतं आणि ईमॅक्स पासवर्ड मागतो. शेलकडे वळण्याआधी एक छोटी तपासणी करा: ईमॅक्स चिन्हावर क्लिक करून उघडला होता का? तसा उघडलेला ईमॅक्स तुमच्या झेडएसएच किंवा बॅश या शेलच्या फायली वाचत नाही. किल्ल्या सांभाळणाऱ्या एजंटचा पत्ता ‘एसएसएच_ऑथ_सॉक’ या चलात असतो, तेव्हा ऑल्ट-एक्स ‘गेटएन्व्ह’ देऊन ते नाव कॅपिटलमध्ये विचारा. उत्तर रिकामं आलं, किंवा टर्मिनलमधल्या `एको $एसएसएच_ऑथ_सॉक` पेक्षा वेगळं आलं, तर ईमॅक्सला तुमचा एजंट दिसतच नाही. टर्मिनलमधूनच ईमॅक्स सुरू करून बघा. चाललं तर निदान पक्कं. कायमचा उपाय म्हणून ‘एक्झेक-पाथ-फ्रॉम-शेल’ हे पॅकेज बसवून त्याला हे चल आणायला सांगता येतं. मॅकवर हा प्रकार जास्त भेटतो.

विंडोजवर कधी ‘स्यूडो-टर्मिनल विल नॉट बी अलोकेटेड बिकॉज एसटीडीइन इज नॉट अ टर्मिनल’ असा लांबलचक निरोप येतो. तिथे पत्त्यात ‘एसएसएच’ऐवजी ‘एसएसएचएक्स’ लिहून बघा. ती पद्धत टर्मिनल द्यायलाच भाग पाडते. त्यानेही नाही झालं तर पुटीसोबत येणारं ‘पीलिंक’ ही विंडोजवरची जुनी आणि भरवशाची वाट आहे. डब्ल्यूएसएलच्या (विंडोजमधल्या लिनक्सच्या) आतलं होम आणि विंडोजचं होम ही दोन वेगळी घरं आहेत, हेही लक्षात असू द्या. एकीकडे लिहिलेलं एसएसएच कॉन्फिग दुसरीकडच्या ईमॅक्सला दिसत नाही.

शेल: इथेच बहुतेक वेळा सापडतं

ट्रॅम्प लॉगिन करतो तेव्हा टर्मिनलचा प्रकार ‘डम्ब’ असा सांगतो. म्हणजे ‘मला रंग, कर्सरच्या उड्या, काही नको.’ त्याला जे दिसतं ते तुम्हालाही बघता येतं:

`टर्म=डम्ब एसएसएच कोठी`

‘टर्म’ कॅपिटल. आता पडद्यावर काय येतं ते ट्रॅम्पच्या नजरेने बघा. शेवटच्या ओळीत साधं $ किंवा # आहे का? की बाणाचं चिन्ह, गिटच्या (आवृत्ती-नियंत्रणाच्या प्रणालीच्या) शाखेचं नाव, दोन ओळींचा प्रॉम्प्ट, उजव्या कडेला घड्याळ? की `[` पासून सुरू होणारा, आकड्यांनी भरलेला कचरा? प्रॉम्प्ट आलाच नाही आणि थेट टीमक्स (एका टर्मिनलमध्ये अनेक खिडक्या देणारा प्रोग्रॅम) उघडलं, असंही होतं. बऱ्याच जणांच्या ‘.बॅशआरसी’त लॉगिन होताच टीमक्स सुरू करणारी ओळ असते. ती ट्रॅम्पला कायमची अडकवते.

झेडएसएच वापरत असाल तर सर्व्हरवरच्या ‘.झेडएसएचआरसी’च्या अगदी पहिल्या ओळीत हे लिहा:

`[[ $टर्म == "डम्ब" ]] && अनसेटऑप्ट झेडएलई && पीएस१='$ ' && रिटर्न`

‘टर्म’ आणि ‘पीएस१’ कॅपिटलमध्ये. अर्थ असा: टर्मिनल डम्ब असेल तर ओळ संपादनाची यंत्रणा बंद कर, प्रॉम्प्ट साधा ठेव आणि फाइलचा उरलेला भाग वाचूच नकोस. ‘पहिल्या ओळीत’ हे शब्दशः घ्यायचं. ओह-माय-झेडएसएच किंवा स्टारशिप यांसारखे प्रॉम्प्ट सजवणारे प्रोग्रॅम चालू झाल्यानंतर ही ओळ लिहून उपयोग नाही. बॅशसाठी ‘अनसेटऑप्ट’चा तुकडा गाळून हेच ‘.बॅशआरसी’त. फिश हा शेल वापरणाऱ्यांनी डम्बसाठी ‘फिश_प्रॉम्प्ट’ हे फंक्शन नुसतं $ छापणारं करावं. आयटर्म२ या मॅकवरच्या टर्मिनलची शेलजोडणी सर्व्हरवर बसवली असेल तर तीही याच अटीच्या मागे न्या. ती प्रॉम्प्टच्या मागेपुढे न दिसणारी चिन्हं सोडते.

इथे एक बारकावा आहे आणि तो बहुतेक जणांकडून निसटतो. उबुंटूच्या मूळ ‘.बॅशआरसी’मध्ये वरच एक अट असते: शेल संवादी (माणसाने टाइप करण्यासाठी उघडलेला) नसेल तर इथूनच परत फिर. ती बघून लोकांना वाटतं की आपण सुरक्षित आहोत. पण ट्रॅम्पचा शेल संवादीच असतो, त्यामुळे ती अट त्याला अडवत नाही. उलट फायलींची ने-आण करणारे एससीपी आणि एसएफटीपी असंवादी असतात. त्यांना डम्बची अट उपयोगी पडेलच असं नाही, ही जुनी अटच लागते. दोन वेगळे पाहुणे, दोन वेगळी दारं. दोन्ही अटी हव्यात.

असंवादी बाजूची चाचणी एका ओळीत होते:

`एसएसएच कोठी ट्रू | डब्ल्यूसी -सी`

‘ट्रू’ ही आज्ञा काहीच छापत नाही, म्हणून उत्तर ० यायला हवं. १ आलं तरी गडबड आहे. सर्व्हरचा अधिकृत इशारा, म्हणजे बॅनर, चुकांच्या प्रवाहातून येतो, त्यामुळे तो या मोजणीत धरला जात नाही. तेव्हा शून्याव्यतिरिक्त काहीही आलं तर तुमच्या फायलींपैकी एखादी बोलते आहे. बॅशमध्ये ती ‘.बॅशआरसी’ असते. झेडएसएचमध्ये ‘.झेडएसएचएन्व्ह’, कारण ती फाइल प्रत्येक शेल वाचतो, संवादी असो वा नसो.

ही बडबड एसएफटीपीला कशी मारते ते बघण्यासारखं आहे. संदेश येतो: ‘रिसीव्ह्ड मेसेज टू लाँग १४६६२६४६७५’. इतका मोठा संदेश कोण पाठवतंय? कोणीच नाही. एसएफटीपीत प्रत्येक संदेशाचे पहिले ४ बाइट म्हणजे त्याची लांबी. सर्व्हरवरच्या फाइलने ‘वेलकम’ हा इंग्रजी शब्द छापला, आणि त्यातली पहिली चार अक्षरं लांबीचा आकडा म्हणून वाचली गेली. त्या चार अक्षरांचे क्रमांक ८७, १०१, १०८ आणि ९९. त्यांचा मिळून बनलेला ३२ बिटांचा आकडा बरोबर १४६६२६४६७५. तेव्हा असा अगडबंब आकडा दिसला की त्याचे ४ बाइट वेगळे करून अक्षरं वाचा. शेलच्या कोणत्या ओळीने तोंड उघडलं ते तिच्याच शब्दांत कळतं.

मार्ग, म्हणजे ‘पाथ’ (प्रोग्रॅम कुठे शोधायचे त्या फोल्डरांची यादी), याबद्दलही इथेच सांगतो. डम्बची अट लावली की त्याखाली लिहिलेला पाथ ट्रॅम्पला मिळणार नाही, अशी शंका येते. ती बरोबर आहे, पण ट्रॅम्प तसाही आपलीच ठरावीक यादी वापरतो. टर्मिनलमध्ये गिट सापडतं आणि मॅगिटला (ईमॅक्समधून गिट चालवणाऱ्या पॅकेजला) सापडत नाही, ते यामुळेच. पाथ सर्व्हरवरच्या ‘.प्रोफाइल’मध्ये ठेवा आणि ईमॅक्समध्ये ‘ट्रॅम्प-रिमोट-पाथ’ या यादीत ‘ट्रॅम्प-ओन-रिमोट-पाथ’ घाला. मग, सवयीप्रमाणे, क्लीनअप.

अजूनही अडलं असेल तर नोंद वाचा

ईमॅक्स `-क्यू`ने सुरू करा (क्यू कॅपिटल), म्हणजे तुमची इनिट फाइल वाचली जाणार नाही. यात फाइल उघडली तर दोष तुमच्या सेटिंगमध्ये आहे. इनिट फाइल अर्धी अर्धी करत तो शोधा. नाही उघडली तर ‘ट्रॅम्प-व्हर्बोस’ हे चल ६ करा. मूळ किंमत ३ असते. ६ वर ट्रॅम्पने पाठवलेला आणि त्याला मिळालेला प्रत्येक शब्द नोंदला जातो. १० पर्यंत जाता येतं, पण तिथे इतका गाळ येतो की पहिल्या फेरीत तो नकोच.

फाइल पुन्हा उघडायचा प्रयत्न करा, कंट्रोल-जीने बाहेर या आणि `*डीबग ट्रॅम्प/एसएसएच कोठी*` अशा नावाचं बफर उघडा. शेवटापासून वर वाचत जा. ट्रॅम्पने शेवटी काय पाठवलं आणि त्यावर सर्व्हरने काय उत्तर दिलं, एवढंच शोधायचं आहे. काहीच पाठवलेलं नसेल आणि समोर एखादा प्रश्न लटकलेला असेल, उदाहरणार्थ पासवर्डची मुदत संपली, नवा टाका, तर ते उत्तर टर्मिनलमधून एकदा देऊन या. पाठवलेली आज्ञाच परत उमटून मध्ये चिन्हांचा कचरा दिसत असेल तर मागच्या भागात जा. शेल अजून गप्प झालेला नाही.

दोन टप्प्यांची ओळखपडताळणी, म्हणजे मोबाइलवरचा ६ आकडी क्रमांक, असेल तर मला सगळ्यात बिनत्रासाची वाट ही वाटते: एसएसएच कॉन्फिगमध्ये ‘कंट्रोलमास्टर ऑटो’, ‘कंट्रोलपर्सिस्ट’ला काही मिनिटं आणि ‘कंट्रोलपाथ’ला एक छोटा मार्ग द्या. सकाळी टर्मिनलमधून एकदा आत जा, क्रमांक टाका. नंतर ईमॅक्स तीच जोडणी वाटून घेईल. त्यासाठी ईमॅक्समध्ये ‘ट्रॅम्प-यूज-एसएसएच-कंट्रोलमास्टर-ऑप्शन्स’ला निल करावं लागतं, नाहीतर ट्रॅम्प स्वतःचे पर्याय वर चढवतो. कंट्रोलपाथ छोटा ठेवण्याचं कारण म्हणजे युनिक्स सॉकेटच्या नावाला लिनक्सवर १०८ बाइट आणि मॅकवर १०४ बाइट इतकीच जागा असते. नावात `%सी` (सी कॅपिटल) वापरलं तर लांबी आटोक्यात राहते. लॅपटॉप झोपेतून उठल्यावर ही वाटलेली जोडणी मेलेली असू शकते. ती `एसएसएच -ओ एक्झिट कोठी`ने काढून टाका, इथे ओ कॅपिटल. ‘सर्व्हरअलाइव्हइंटर्व्हल ३०’ लिहून ठेवलंत तर मेलेल्या जोडणीचा पत्ता मिनिट-दीड मिनिटात लागतो आणि ईमॅक्स ताटकळत बसत नाही.

पत्ता लिहिण्यातल्या चुका

पत्त्याचा साचा `/एसएसएच:वापरकर्ता@कोठी:/पूर्ण/मार्ग` असा. पोर्ट वेगळा असेल तर नावाला लागून `#२२२२`. कोलन नव्हे, कारण कोलनला ट्रॅम्पमध्ये दुसरं काम आहे. जुन्या लेखांमध्ये पद्धतीचं नाव गाळून `/कोठी:/मार्ग` असं दिलेलं आढळतं. ईमॅक्स २६ पासून ते चालत नाही. पद्धतीच्या जागी निदान `-` तरी लिहावं लागतं.

रूटच्या, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याच्या, मालकीची फाइल असेल तर ती उघडते पण जतन होत नाही. तेव्हा `/एसएसएच:कोठी|सुडो:कोठी:/मार्ग`. दोन्ही ठिकाणी नाव तेच लिहा. आता रूटचाही शेल मध्ये येतो, म्हणजे रूटच्या ‘.बॅशआरसी’तला रंगीत प्रॉम्प्टही तितकाच अडवू शकतो. मध्ये दुसरा सर्व्हर ओलांडून जायचं असेल तर ट्रॅम्पच्या उभ्या रेघेपेक्षा एसएसएच कॉन्फिगमधलं ‘प्रॉक्सीजंप’ मला अधिक पसंत आहे; ते टर्मिनल, गिट, आरसिंक सगळ्यांनाच लागू होतं.

जतनच होत नसेल आणि हक्क ठीक असतील तर सर्व्हरवर `डीएफ -एच` बघा, आणि जागा दिसत असेल तरी `डीएफ -आय`ही. डिस्कवर जागा असूनही आयनोड (प्रत्येक फाइलला लागणारी नोंदीची जागा) संपलेले असू शकतात. लाखो छोट्या फायलींच्या कॅशने हे हमखास होतं.

फाइलचं नाव मराठीत असेल तर

सर्व्हरवर मराठी नावांच्या फायली असतील आणि डायर्डमध्ये (ईमॅक्समधल्या फायलींच्या यादीत) त्या जागी `\३४०\२४४` असे आकडे दिसत असतील, तर सर्व्हरवर `लोकेल -ए` देऊन भाषेच्या सेटिंगची यादी बघा. यादीत यूटीएफ-८ असलेलं ‘सी’ किंवा ‘ईएन_यूएस’ हवं. ट्रॅम्प त्यांच्यापैकी एक निवडतो. दोन्ही नसतील तर साध्या ‘सी’वर उतरतो, आणि तिथे देवनागरी नुसते बाइट म्हणून उरतं. छाटून बारीक केलेल्या कंटेनरमध्ये हे जास्त भेटतं.

याहून चकवणारा प्रकार ‘ऱ’चा आहे. ‘दुसऱ्या टप्प्याचा आराखडा’ अशी फाइल समोर दिसते, तुम्ही नाव टाइप करून उघडता आणि ईमॅक्स म्हणतो नवी फाइल! कारण ‘ऱ’ हे युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतं: एकसंध अक्षर म्हणून, ३ बाइट; किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता म्हणून, ६ बाइट. दिसायला दोन्ही एकच. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस फाइलप्रणालीत नावं फोडलेल्या रूपात साठवली जात. तिथून लिनक्स सर्व्हरवर उचलून ठेवलेल्या फायलींची नावं तशीच राहतात, कारण लिनक्स बाइटांची तुलना करतो, अक्षरांची नव्हे. तुमचा कीबोर्ड मात्र एकसंध ‘ऱ’ देतो. अशा फाइलचं नाव टाइप करू नका. डायर्डमध्ये तिच्या ओळीवर जाऊन एंटर दाबा, आणि तिथूनच तिचं नाव बदलून टाका.

उघडते, पण संथ

भारतातून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सर्व्हरला एक प्रश्न विचारून उत्तर यायला साधारण २०० मिलिसेकंद जातात. ट्रॅम्पने एका फाइलसाठी ४० प्रश्न विचारले तर ८ सेकंद तिथेच गेले. इंटरनेटचा वेग वाढवून यात फरक पडत नाही. म्हणून प्रश्न कमी करा. सगळ्यात बडबड्या भाग आवृत्ती-नियंत्रणाचा: ईमॅक्स प्रत्येक फाइलसाठी सात-आठ प्रणालींच्या खुणा शोधत वरच्या फोल्डरांमध्ये चढत जातो. तुम्ही फक्त गिट वापरत असाल तर ‘व्हीसी-हँडल्ड-बॅकएंड्स’मध्ये गिट एकटं ठेवा. सर्व्हरवर तुम्ही एकटेच लिहीत असाल तर ईमॅक्स २८ पासूनचं ‘रिमोट-फाइल-नेम-इनहिबिट-लॉक्स’ चालू करा. आपोआप जतन होणाऱ्या प्रती ‘ट्रॅम्प-ऑटो-सेव्ह-डिरेक्टरी’ देऊन आपल्याच संगणकावर वळवा.

मोठ्या फायलींसाठी पद्धत ‘एसएसएच’ऐवजी ‘एससीपी’ लिहा. बेस६४ मध्ये ३ बाइटांचे ४ होतात, म्हणजे एक तृतीयांश जास्त माल वाहावा लागतो; एससीपी फाइल वेगळ्या वाटेने जशीच्या तशी आणतं. फक्त ध्यानात घ्या की २०२२ मधल्या ओपनएसएसएच ९.० पासून एससीपी आतून एसएफटीपी वापरतं. सर्व्हरवर एसएफटीपी बंद असेल तर कालपर्यंत चालणारं एससीपी अद्ययावत केल्याच्या दिवशी थांबतं. टर्मिनलमध्ये `एससीपी -ओ` (ओ कॅपिटल) देऊन बघा. त्याने फाइल आली तर हेच कारण.

व्हिम आणि व्हीएस कोडवाल्यांसाठी

व्हिमचा नेटआरडब्ल्यू हा भाग एससीपीने फाइल तात्पुरत्या जागी आणतो आणि जतन करताना परत पाठवतो. तिथे शेलची बडबड आणि ओपनएसएसएच ९.० चा बदल हे दोन्ही लागू. बाकी एक नेहमीची चूक: `एससीपी://कोठी/ईटीसी/होस्ट्स` म्हणजे तुमच्या होममधलं ‘ईटीसी’. मुळापासूनचा मार्ग हवा असेल तर नावानंतर दोन तिरप्या रेघा द्या. फोल्डर बघायचं असेल तर शेवटी एक.

व्हीएस कोडचं तंत्र पूर्ण वेगळं आहे. तो सर्व्हरवर होममध्ये ‘.व्हीएसकोड-सर्व्हर’ नावाने स्वतःचा प्रोग्रॅम उतरवतो. म्हणून तिथे जागा, जुनी जीलिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी) आणि पोर्टची परवानगी हे प्रश्न येतात. २०२५ मधल्या १.९९ आवृत्तीपासून सर्व्हरवर जीलिबसी २.२८ किंवा नवी लागते. सेंटओएस ७ वर २.१७ आहे आणि उबुंटू १८.०४ वर २.२७, त्यामुळे ही दोन्ही बाद झाली. सर्व्हरच्या एसएसएच सेटिंगमध्ये ‘अलाउटीसीपीफॉरवर्डिंग’ बंद असेल तरी जोडणी अर्ध्यावर तुटते. अर्धवट उतरलेला प्रोग्रॅम असेल तर आज्ञांच्या यादीतून ‘किल व्हीएस कोड सर्व्हर ऑन होस्ट’ द्या आणि पुन्हा जोडा. त्याआधी ‘आउटपुट’ खिडकीत ‘रिमोट-एसएसएच’ची नोंद वाचा, लाल चौकटीतल्या संदेशापेक्षा तिथे कामाचं बरंच असतं.

खरोखर ट्रॅम्पचाच दोष असेल तर

असंही होतं. `-क्यू`मध्ये अडतं, `टर्म=डम्ब` देऊन केलेलं लॉगिन स्वच्छ दिसतं, तरी फाइल येत नाही. मग ऑल्ट-एक्स ‘ट्रॅम्प-बग’ द्या. आवृत्ती आणि सेटिंग ते स्वतःच पत्रात भरतं आणि डीबगचं बफर जोडायचं का ते विचारतं. जोडण्याआधी ते बफर डोळ्याखालून घाला. व्हर्बोस ६ वर असताना त्यात सर्व्हरची नावं, वापरकर्त्यांची नावं आणि उघडायचा प्रयत्न केलेल्या फाइलचा मजकूरही असतो. पासवर्ड असलेली कॉन्फिग फाइल उघडताना हे घडलं असेल, तर नोंद पाठवू नका. एखादी रिकामी फाइल घेऊन तोच प्रसंग पुन्हा घडवा आणि ती नोंद पाठवा.